कंपनीतल्या सत्राची फेरमांडणी: को-ऑप कार्यक्रमाच्या प्रकल्प नोंदी

९ जून

आढाव्याचे काम सुरू. विषय: बी.टेक.च्या आठव्या सत्रात विद्यार्थी सहा महिने कंपनीत जातात, त्याला २० क्रेडिट आहेत, आणि त्याबद्दल विद्यार्थी, विभाग व कंपन्या तिघेही कुरकुर करतात.

जुन्या कागदांवर या कार्यक्रमाचे नाव ‘सहकारी शिक्षण’ असे आहे. ते आजच बदलले. आपल्याकडे सहकारी म्हटले की साखर कारखाना, दूध संघ नाहीतर पतपेढी आठवते, आणि पालक सभेत पहिली दहा मिनिटे अर्थ सांगण्यात जातात. यापुढे सगळीकडे ‘को-ऑप’.

नाव बदलले तरी आपले सत्र को-ऑप ठरते का, हे आधी पाहिले. ही पद्धत हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात २७ विद्यार्थ्यांवर सुरू केली. विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या होत्या. एक जण आठवडाभर वर्गात, दुसरा कारखान्यात, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारखान्यातली जागा कधी रिकामी राहत नसे आणि वर्गात परतलेला मुलगा प्रश्न घेऊन येत असे. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाने १९५७ मध्ये इंजिनिअरिंगचे शिक्षणच या पायावर उभे केले. तिथे चार-चार महिन्यांच्या पाच-सहा फेऱ्या होतात. पुणे विद्यापीठातले प्रॉडक्शन सँडविच, मेकॅनिकल सँडविच हे अभ्यासक्रम याच घराण्यातले.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: विद्यार्थी कामावरून वर्गात परत येतो. आपला विद्यार्थी आठव्या सत्रात जातो तो थेट पदवीदान समारंभालाच उगवतो. म्हणजे आपण चालवतो ती शेवटची सहा महिन्यांची इंटर्नशिप. आढाव्याची दिशा इथेच ठरली.

१३ जून

चार शाखांमधून प्रत्येकी १२ फायली काढल्या. निवड रोल नंबरने, विभागाने ‘चांगल्या’ म्हणून पुढे केलेल्या घेतल्या नाहीत. प्रत्येक फाईलमध्ये सात कागद शोधले: ना-हरकत पत्र, कंपनीचे पत्र, रुजू झाल्याचा अहवाल, साप्ताहिक डायरी, मध्यावधी तपासणी, अंतिम अहवाल, कंपनीचे गुणपत्रक. कागद जवळजवळ सगळीकडे पूर्ण आहेत. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, दृष्टीने फाईल उत्तम, पण आत वाचायला घेतली की अडचण कळते.

डायरी. भोसरी-चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. काही डायऱ्यांमध्ये गुरुवारी उत्पादन चालू आणि रविवारी सुट्टी. ही डायरी घरी, कॅलेंडर समोर ठेवून, एका बैठकीत लिहिलेली. यापुढे तपासनीसाने पहिली नजर वारावर टाकावी. पाच मिनिटांत खरेखोटे समजते.

अहवाल. साठ पानांपैकी पहिली पंधरा-वीस पाने कंपनीचा इतिहास, दृष्टी, ध्येय, मिळालेले पुरस्कार. हे कंपनीच्या संकेतस्थळावरून उचललेले असते. पुढे ‘फाइव्ह एस म्हणजे काय’, ‘कानबान म्हणजे काय’ अशी कारखाना व्यवस्थापनाच्या पद्धतींची पुस्तकी माहिती. विद्यार्थ्याने स्वतः मोजलेला एकही आकडा नसलेले अहवाल निघाले, आणि त्यांनाही ‘उत्कृष्ट’ शेरा आहे.

गुणपत्रक. वीस मुद्दे, प्रत्येकापुढे उत्कृष्ट, चांगला, साधारण. सही एचआरची. सगळीकडे उत्कृष्ट. ज्याने विद्यार्थ्याला सहा महिन्यांत दोनदा पाहिले त्याने दिलेले गुण आणखी कसे असणार?

१९ जून

कंपन्यांशी बोलणे सुरू. नियम केला: एचआरशी दहा मिनिटे, लाईनवरच्या सुपरवायझरशी अर्धा तास. सुपरवायझरला तीनच प्रश्न: मुलगा कोणत्या मशीनवर किंवा टेबलावर होता, तिसऱ्या आठवड्यात काय करत होता, आणि त्याला गुण द्यायचे आहेत हे तुम्हाला ठाऊक होते का.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘नाही’ आले. दुसऱ्याचे उत्तर ‘बघत होता’ किंवा ‘डेटा भरत होता’. एचआरला माणसे मोजून हवी असतात, सुपरवायझरला लाईन चालू ठेवायची असते, आणि विद्यार्थी कुणाचाच नसतो. त्यात वाईट हेतू फारसा दिसला नाही. कामच लिहून दिलेले नव्हते, मग जो रिकामा दिसेल त्याला पॅकिंगला उभे केले जाते.

कॉम्प्युटर शाखेचे दुखणे वेगळे. लॅपटॉप आणि कोडची परवानगी मिळेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात आणि शेवटी गोपनीयतेच्या कराराखाली अहवालात काही लिहिता येत नाही.

२६ जून

तासांचे गणित. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात १ क्रेडिट म्हणजे ३० तास. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या इंटर्नशिप धोरणात १ क्रेडिट म्हणजे ४० ते ४५ तास. आमच्या नियमावलीत तासच नाहीत, फक्त ‘सहा महिने’. त्यामुळे रजा किती चालते यावर दरवर्षी वाद.

कारखान्यात: २४ आठवडे × ४८ तास = १,१५२. सण आणि रजा मिळून १२ दिवस वजा केले तर १,०५६ उरतात.
आयटी कंपनीत पाच दिवसांचा आठवडा: २४ × ४० = ९६०. तेच १२ दिवस वजा केले तर ८६४.

पहिल्या मसुद्यात किमान ९०० तास लिहिले होते. ते आयटीच्या विद्यार्थ्याला त्या १२ दिवसांपलीकडे एकही दिवस न चुकवूनसुद्धा जमणार नव्हते; वर्षअखेरीस अख्खी शाखा नापास झाली असती. म्हणून २० क्रेडिट × ४२ = ८४० तास. दोन्ही मापांत बसते आणि आयटीवाल्याला तीन दिवसांची सवड राहते. हजेरी गेटच्या पंचिंगची, डायरीतली नाही. पंचिंगचा उतारा दरमहा ५ तारखेपर्यंत.

दुसरी मोजपट्टी कॅनडाची. तिथल्या सीईडब्ल्यूआयएल या संस्थेच्या मान्यतेसाठी दोन वर्षांहून मोठ्या अभ्यासक्रमात कामाचा काळ अभ्यासाच्या काळाच्या किमान ३० टक्के लागतो. आपल्याला ती मान्यता नको आहे, मापापुरते घेतले. सात सत्रे × १५ आठवडे = १०५. त्याचे ३० टक्के साडेएकतीस आठवडे. आपले २४. चौथ्या सत्रानंतरच्या उन्हाळ्यात ८ आठवड्यांची पहिली फेरी धरली तर ३२ होतात. अर्धा आठवडा वर. ही पहिली फेरी ठेवण्याचे दुसरे कारण जास्त महत्त्वाचे: पहिल्यांदाच कारखान्यात जाणारा मुलगा पहिला महिना बावचळलेला असतो. तो महिना उन्हाळ्यात उरकलेला बरा.

८ जुलै

मुख्य बदल. कंपनीतले सत्र आठव्यातून काढायचे. पण सहाव्यात टाकले तर विद्यार्थी जानेवारी ते जून कंपनीत, आणि जुलै ते डिसेंबर ती जागा रिकामी. ज्या सुपरवायझरने सहा महिने शिकवले त्याला हे पटत नाही. त्याला माणूस वर्षभर हवा. उपाय श्नायडरचाच, फक्त आठवड्याऐवजी सत्र. वर्गाचे दोन गट. ‘अ’ गट सहाव्या सत्रात कंपनीत आणि सातव्यात वर्गात. ‘ब’ गट उलट. आठव्यात दोघेही वर्गात. जून-जुलैच्या जोडावर ‘अ’चा विद्यार्थी ‘ब’च्या विद्यार्थ्याला काम हातोहात सोपवतो, त्यासाठी शेवटच्या आठवड्यात तीन दिवस दोघे एकत्र.

विभागांचा पहिला आक्षेप: शिकवण्याचा भार दुप्पट होईल. मोजून पाहिले. ६० चा वर्ग, पाच विषय × ३ तास = १५ तास व्याख्याने. चार प्रयोगशाळा × २ तास × २० च्या तीन तुकड्या = २४ तास. एकूण ३९. दोन गट केल्यावर ३० च्या वर्गाला व्याख्याने तेवढीच १५, पण प्रयोगशाळेत १५ च्या दोन तुकड्या, म्हणजे १६ तास. एकूण ३१, आणि हे दोनदा, म्हणजे ६२. वाढ २३ तासांची, दोन सत्रांत वाटून प्रत्येकी साडेअकरा. सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा भार १६ तासांचा असतो. म्हणजे शाखेमागे एक माणूससुद्धा पूर्ण लागत नाही. ‘दुप्पट’ हा शब्द इतिवृत्तातून वगळला.

खरी अडचण विषयांच्या क्रमाची आहे. दोन्ही गटांना आळीपाळीने शिकवायचा विषयसंच शिकण्याआधीच ‘अ’ गट कंपनीत जातो. मेट्रॉलॉजी (मोजमापशास्त्र) आणि गुणवत्ता नियंत्रण सातव्या सत्रात होते; ते पाचव्यात आणावे लागले, नाहीतर मुलगा मायक्रोमीटर हातात घेऊन नुसता उभा. बदल्यात पाचव्यातला एक ऐच्छिक विषय आठव्यात गेला.

आणखी दोन खटके. ‘ब’ गट जुलै ते डिसेंबर बाहेर, आणि कॅम्पसच्या मुलाखतींचा हंगाम नेमका तोच. सण-रजेच्या १२ पैकी ५ दिवस मुलाखतींसाठी राखीव. हे कंपनीच्या करारातच लिहायचे, मागाहून विनवण्या नकोत. ‘अ’ गटाला मे महिन्यात एटीकेटीचे पेपर आडवे येतात. ज्यांचे विषय राहिले आहेत त्यांना ‘ब’ गटातच टाकायचे.

१५ जुलै

कायद्याची बाजू. एचआरकडून वारंवार येणारी विचारणा: हे विद्यार्थी आमच्या अप्रेंटिसच्या कोट्यात धरता येतील का? १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालच्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात, म्हणून हा प्रश्न. आपले विद्यार्थी त्या कायद्याखालचा करार करत नाहीत, तोवर उत्तर ‘नाही’. २०१९ च्या सुधारणेतला पदवीधर अप्रेंटिसचा किमान ९,००० रुपयांचा आकडा मात्र बोलणीत आधार म्हणून कामी येतो. फुकट काम करून घेणारी कंपनी यादीत ठेवायची नाही असे ठरले. पैसे मोजले की सुपरवायझरला विचारले जाते की हा करतो काय. नाहीतर कुणी विचारत नाही.

अपघात विमा: गटविमा विद्यापीठाचा, सुरुवात रुजू होण्याच्या किमान तीन दिवस आधी. पूर्वी पॉलिसी महिनाअखेरीस एकत्र काढली जाई आणि पहिले काही आठवडे, म्हणजे मुलगा सर्वात नवखा असतो तेव्हाच, विमा नसे.

लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे आणि १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. समिती अध्यक्षांचे नाव व संपर्क रुजू होण्याच्या दिवशी विद्यार्थ्याच्या हातात हवा. तक्रारीची मुदत तीन महिने. सत्र संपेपर्यंत गप्प राहून मग सांगितले तर ती उलटून गेलेली असू शकते. हे तयारीच्या वर्गात स्पष्ट सांगायचे.

कंपनीची बस कोणत्या पाळीला आहे हेही करारात. जनरल आणि पहिल्या पाळीला बस असते, दुसरी रात्री बाराला सुटते तेव्हा नसते. मुली अशा जागा नाकारतात आणि कागदावर त्याची नोंद ‘अनुत्सुक’ अशी होते.

२९ जुलै

आढाव्याचा गाभा म्हणता येईल असा कागद तयार झाला: एका पानाची कामाची आखणी. विद्यार्थी जाण्याच्या तीन आठवडे आधी, सुपरवायझर आणि मार्गदर्शक शिक्षक यांच्या सहीने. एचआरची सही चालेल, पण तिसरी. कागदावर पाचच गोष्टी: पहिल्या दोन आठवड्यांत काय शिकेल, तिसऱ्यापासून काय मोजेल, कशाने मोजेल, अडला तर कुणाला विचारेल, बाराव्या आठवड्यात त्याच्या हातात काय तयार असेल.

‘उत्पादन विभागात सहभाग’ असे लिहिलेली आखणी परत पाठवायची. चालेल अशा आखण्यांचे नमुने विभागांना दिले, त्यातले दोन इथे.

मशीन शॉप. मोजमापाच्या साधनांची पडताळणी, म्हणजे गेज आर अँड आर. एकाच मापाचे १० जॉब (तयार भाग), ३ ऑपरेटर, प्रत्येकाने ३ वेळा मोजायचे: ९० नोंदी. जॉबचे क्रमांक झाकायचे आणि क्रम प्रत्येक वेळी बदलायचा, नाहीतर ऑपरेटर मागचा आकडा आठवून तोच सांगतो. जॉब एकाच ट्रेमधून उचलू नयेत. वेगवेगळ्या दिवशीच्या उत्पादनातून घ्यावेत, कारण सगळे जॉब सारखे असले तर साधनाची चूक फुगून दिसते. निकाल, म्हणजे एकूण फरकात मोजणीच्या चुकीचा वाटा, १० टक्क्यांच्या आत आला तर ठीक, ३० च्या वर गेला तर ते साधन त्या मापासाठी निकामी, मधला असेल तर मापाचे महत्त्व पाहून ठरवायचे. खर्च नाही, उत्पादन थांबत नाही, गुणवत्ता विभागाला ऑडिटसाठी हा कागद हवाच असतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यासाठी याहून सोयीचे काम नाही.

फाउंड्री, कोल्हापूरकडची. ग्रीन सँड, म्हणजे साच्याची ओलसर वाळू, तिच्यातला ओलावा आणि रिजेक्शन (नाकारलेले जॉब) यांचा मेळ. ओलावा साधारण ३ ते ४ टक्के असतो. वाढला की ब्लोहोल, म्हणजे ओतीव जॉबमध्ये वायूच्या पोकळ्या, घटला की साच्याच्या कडा झडतात आणि वाळू जॉबमध्ये अडकते. लॅबमधली नोंद मिक्सरपाशी घेतात. परत आलेली वाळू गरम असेल, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, तर मिक्सरपासून साच्यापर्यंत पोचेतो पाणी उडते आणि लॅबचा आकडा बरोबर असूनही जॉब बिघडतो. विद्यार्थ्याने दर तासाला दोन ठिकाणचे नमुने घ्यायचे, मिक्सरपाशी आणि मोल्डिंग मशीनपाशी, सोबत वाळूचे तापमान. आणि पाळीनिहाय रिजेक्शनशी जोडायचे. किमान तीन आठवड्यांच्या नोंदी, तिन्ही पाळ्यांच्या. फक्त जनरल पाळीत नमुने घेतले तर रात्रीची कहाणी कळतच नाही.

आयटीसाठी आखणीत एक ओळ वाढवली: परवानगी मिळेपर्यंत विद्यार्थी काय करेल. जुन्या त्रुटींची यादी वाचून वर्गवारी, चाचण्या लिहिणे, दस्तऐवज दुरुस्ती, यांपैकी काहीतरी नेमके. अहवालात खरे आकडे देता येत नसतील तर पहिल्या आठवड्याचा आकडा १०० धरून पुढचे त्या प्रमाणात द्यावेत. बहुतेक कंपन्यांना ते चालते, पण आधी विचारावे.

१२ ऑगस्ट

शिक्षकांच्या भेटी. आजवर भेट शेवटच्या पंधरवड्यात होई: चहा, फोटो, सही. तोवर काही दुरुस्त करण्याची वेळ गेलेली असते. नवे वेळापत्रक: पहिली भेट तिसऱ्या आठवड्यात, प्रत्यक्ष, दुसरी अकराव्यात, प्रत्यक्ष, तिसरी विसाव्यात, ऑनलाइन चालेल. तिसरा आठवडा मुद्दाम. त्याआधी गेल्यास सुरक्षेचे प्रशिक्षणच चालू असते, आणि पाचव्यानंतर चुकीचे काम अंगवळणी पडते.

भेटीला जाताना: गेटपास आदल्या दिवशी सांगून ठेवावा, सेफ्टी शूज स्वतःचे न्यावेत, त्याशिवाय शॉप फ्लोअरवर सोडत नाहीत आणि भेट रिसेप्शनच्या सोफ्यावर संपते, विद्यार्थ्याची पाळी विचारून घ्यावी. दुसऱ्या पाळीचा मुलगा दुपारी साडेतीनला येतो, सकाळी अकराला गेलेला शिक्षक त्याच्या खुर्चीला भेटून परततो. चाकण, तळेगाव, रांजणगाव असे पट्टे पाडून एका शिक्षकाला एकच पट्टा. शाखा वेगळी असली तरी चालेल, पहिल्या भेटीत विषयज्ञानापेक्षा आखणीचा कागद हातात धरून ‘हे चालू आहे का’ एवढेच पाहायचे असते.

२१ ऑगस्ट

गुणपत्रक बदलले. वीस मुद्द्यांचे सहा केले. प्रत्येकापुढे शेऱ्याऐवजी वाक्य. उदाहरणार्थ नोंदींबद्दल: ‘सांगितल्यावर नोंद करतो’, ‘न सांगता करतो’, ‘आकडा विचित्र आला तर पुन्हा मोजून मग विचारतो’. सुपरवायझर वाक्य निवडतो, आम्ही गुण लावतो. शेवटी एक प्रश्न: पुढच्या फेरीत हाच विद्यार्थी मिळाला तर घ्याल का, हो किंवा नाही. भाषा मराठी आणि हिंदी दोन्ही. इंग्रजी पत्रक सुपरवायझर एचआरकडे सरकवतो, आणि मग पुन्हा वीस वेळा उत्कृष्ट.

अहवाल १२ पानांचा. कंपनीची ओळख पाच ओळी. कच्च्या नोंदी परिशिष्टात, हाताने घेतल्या असतील तर फोटोसह.

मूल्यमापन विद्यार्थ्याच्या बाजूनेही हवे: तो कंपनीला गुण देतो, आणि सलग दोन तुकड्यांनी ‘आखणीतले काम मिळाले नाही’ म्हटले तर ती कंपनी एक वर्ष बाहेर.

४ सप्टेंबर

अभ्यास मंडळांसमोर मांडणी. मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर तयार. इलेक्ट्रिकलचे म्हणणे, त्यांच्या कंपन्या पॅनेल बनवणारे लहान उद्योग, तिथे आखणीवर सही करायला सुपरवायझर वेगळा नसतोच, मालकच असतो. मुद्दा बरोबर आहे. आठ-दहा माणसांच्या ठिकाणी मालकाची एकट्याची सही पुरेल अशी दुरुस्ती केली. अशा ठिकाणी मुलगा शिकतोही जास्त, कारण त्याला रिकामा ठेवणे मालकाला परवडत नाही. ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) पुढच्या वर्षी.

विद्या परिषदेकडे दोन शाखांपुरता प्रस्ताव पाठवला.

१७ नोव्हेंबर

मंजुरी आली. जानेवारीच्या ‘अ’ गटाच्या आखण्या मागवल्या. पहिल्या खेपेला आलेल्यांपैकी बऱ्याच परत पाठवाव्या लागल्या. ‘सहभाग’, ‘निरीक्षण’, ‘साहाय्य’ हे शब्द जात नाहीत. आता फॉर्ममध्येच सूचना छापली: वाक्यात मोजता येईल असे नाम हवे.

तयारीचा २ क्रेडिटचा वर्ग सुरू. ड्रॉइंग वाचन, टॉलरन्स, सुरक्षा, ईमेल, पगारपत्रक वाचणे. रुजू होतानाचे कागद आत्ताच गोळा: आधार, पॅन, पासबुकची प्रत, फोटो, वैद्यकीय दाखला. बँक खाते बंद पडलेले निघाले तर पहिला स्टायपेंड दोन महिने अडकतो.

२९ जानेवारी

‘अ’ गटाच्या पहिल्या भेटी पूर्ण. जिथे आखणीवर सुपरवायझरची सही होती तिथे काम बहुतांशी कागदाप्रमाणे चालू. दोन ठिकाणी सही केलेला सुपरवायझरच बदलून गेला आणि नव्याला कागद माहीत नाही. मुलगा पुन्हा पॅकिंगला. ही शक्यता धरली नव्हती. नियम जोडला: सुपरवायझर बदलल्यास विद्यार्थ्याने ४८ तासांत कळवावे आणि शिक्षकाने आठवड्याच्या आत नव्या माणसाची सही घ्यावी. दोन्ही ठिकाणच्या सह्या घेणे बाकी.

जूनच्या हस्तांतराच्या तीन दिवसांचा विमा आणि स्टायपेंड ‘ब’ गटाच्या खात्यावर धरायचा की वेगळा, हे लेखा विभागाला विचारले आहे. उत्तर आलेले नाही.